डॉक्टरनं विचारलेलं नाव

नागपूर, पागलखाना
पोळ्याचा दुसरा दिवस, १९३४

बाबांच्या पायी सुभद्राचा नमस्कार.

मी बरी आहो. आता झोप लागते, जेवण वखतावर भेटते. आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे?

काल गोऱ्या डॉक्टरनं शिकाऊ पोट्ट्यांपुढं बसवून मले मालकाचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव बाईमाणूस तोंडानं घेते काय? मी चूप बसली. मंग दाईनं मले सांगितलं, डॉक्टरनं कागदावर लिहिलं म्हणे, इले नवराही आठवत नाही.

त्या पोट्ट्यांच्या घरी मायबहिणी नाहीत काय? त्यायले हा रिवाज ठाऊक होता. एकही बोलला नाही.

तुमचे जवाई बाजूलेच उभे होते. मी त्यायच्याकडे पायलं. ते खाली पाहून रायले होते.

बाबा, मले न्यायले तुमी एकटेच या. त्यायले सांगू नका.

तुमची लेक
सुभद्रा