झोमारापुढे धावलेला माणूस

१ सप्टेंबर
आजपासून रोज सकाळी धावणार. बंदराच्या गल्लीपासून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत. 'झोमाराचं आगमन' या चित्रपटात धावलो होतो, नेमकं तेवढंच अंतर.

कारण असं. तीन नोव्हेंबरला, संस्कृतिदिनी, गावच्या सभागृहात झोमाराची नवी, घासूनपुसून लख्ख केलेली प्रत दाखवणार आहेत. शिवाय नगरपालिका त्या गल्लीत पितळी पाटी बसवणार. 'महाराक्षसांच्या चित्रपटांतली सर्वोत्तम धाव येथे धावली गेली', आणि खाली धावणाऱ्याचं नाव. नगरपालिकेतली ओरीई नावाची मुलगी आमच्या पाऊलठसा या राक्षसपटांच्या चाहत्यांच्या मंडळात आहे, तिनेच बातमी आणली. नाव कोणाचं ते म्हणे अजून ठरायचंय. ठरायचं काय त्यात? मंडळात सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः सांगितलंय.

ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे. तरी पुढेमागे वाद नको म्हणून नोंद करून ठेवतो. तेव्हा मी विशीत होतो. स्टुडिओवाले आले, अख्ख्या गावाला जेवणाच्या डब्यावर राबवलं. राक्षस अर्थातच हजर नव्हता, तो नंतर तिकडे टोकियोत रबरी अंगरख्यात घुसणार होता. इथे एक माणूस उंच बांबूला लाल फडकं बांधून उभा. म्हणाला, हे झोमाराचं डोकं, याच्याकडे बघा आणि घाबरा. गावाने बांबू पाहिला. मी झोमारा पाहिला. पडद्यावर गर्दीच्या पुढे ती आकृती दिसते ना, डोक्याला पंचा, मान मागे वळवलेली, नजर वर, तोंड उघडं, तो मी. चेहरा धूसर आहे, पण पंच्यावर आमच्या जाळ्यांच्या दुकानाची लाटेची खूण स्पष्ट आहे. याहून पुरावा काय पाहिजे?

२ सप्टेंबर
धावलो नाही. बूट नाहीत.

६ सप्टेंबर
बूट आणले. दुकानदार म्हणाला, आधी दोन दिवस घरात घालून फिरा. तज्ज्ञांचं ऐकावं.

११ सप्टेंबर, सकाळ
धावलो! कोपऱ्यावरच्या थंड पेयांच्या यंत्रापर्यंत. तिथे थांबणं भाग पडलं, कारण यंत्रात नवा द्राक्षांचा सोडा आला होता. परतताना बायको, सुमिए, भेटली. ती रोज पहाटे रेडिओवरचे व्यायाम करायला देवळात जाते आणि तिथून थेट माशाच्या वड्यांच्या कारखान्यात. पायऱ्या चढून-उतरून आली होती, धाप नाही की काही नाही. बायकांना श्रमाची सवय असते, त्याला तंदुरुस्ती म्हणत नाहीत.

१५ सप्टेंबर
केस कापले. न्हावी म्हणाला, इवाशितासान, कान वाढले की तुमचे. मूर्ख. कान आहेत तेवढेच आहेत, केस गेले. हे कान घराण्याचे आहेत. नातवाचेही असेच हातपंख्यासारखे बाहेर आलेत. सूनबाई फोटो काढताना त्याला टोपी घालते, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

२४ सप्टेंबर
मंडळाची बैठक, कामोमे कॉफी हाउसमध्ये. दर दहा वर्षांनी आम्ही महाराक्षसांच्या चित्रपटांची क्रमवारी लावतो. यंदाचं मतदान झोमाराच्या खेळानंतर, त्याच संध्याकाळी. मागच्या वेळी झोमारा चौथा आला होता. चौथा! त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही.

मंडळात नऊ जण. आठ अकलेचे कांदे.

कुवाबारा हा निवृत्त दाताचा डॉक्टर, त्यांचा म्होरक्या. त्याचा पहिला क्रमांक कोणाला, तर ज्यात राक्षस आणि रोबोट शेवटी शाळकरी पोरांबरोबर कवायत करतात त्या तद्दन फालतू सिनेमाला. म्हणे लहानपणी वडिलांबरोबर पाहिला होता. मग वडिलांना क्रमांक दे ना! जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात बघितलं की अशी रुची तयार होते. ओरीईला आवडतो तो बर्फातला, ज्यात राक्षस एकटा मरतो. ती म्हणते, त्यात राक्षसाचं दुःख आहे. राक्षसाला दुःख कसलं? त्याला काय नगरपालिकेचा कर भरायचाय?

मी शांतपणे समजावलं की चित्रपटाची किंमत राक्षसावरून नाही, पळणाऱ्यांवरून ठरते. कुवाबारा म्हणाला, "इवाशितासान, तुमची धाव ऐकून ऐकून आम्हाला पाठ झाली. त्या सिनेमात एक राक्षसही आहे, आठवतंय का?" सगळे हसले. कॉफीवाली बाईसुद्धा. अंगाचा तिळपापड झाला. फक्त कप जरा जोरात ठेवला. कपाचे पैसे द्यावे लागले.

निश्चय: मतदानापर्यंत कुवाबाराचा अपमान करायचा नाही. मत पाहिजे.

२५ सप्टेंबर
कुवाबाराला फोन करून तो कवायतीचा सिनेमा पोरकट का आहे ते सविस्तर सांगितलं. हा अपमान नव्हे, मार्गदर्शन.

३ ऑक्टोबर
गुडघा. डॉक्टर म्हणाले, धावू नका. धावतोय कुठे?

१० ऑक्टोबर
भाषणाची तयारी. सभागृहात खेळाआधी मी पाच मिनिटं बोलणार. मग चित्रपट, मग पाटीवरच्या नावाची घोषणा. भाषणाचा मुख्य विषय: बत्तीशी.

बत्तीशी हे नाव मीच पाडलेलं. धावणाऱ्या आकृतीच्या अगदी शेजारी एक गाढव आहे. जग बुडतंय, झोमाराने दीपगृह उपटलंय, आणि हा दात काढून हसतोय! जुन्या प्रतीत चेहरा दिसत नाही, नुसते पांढरे दात. महाराक्षसांच्या चाहत्यांत या माणसाइतकी कोणाचीच टवाळी झाली नसेल, आणि त्यात निम्मा वाटा माझा आहे. मंडळाच्या अंकात त्याच्यावर तीन लेख लिहिले. 'एका कलाकृतीचा मारेकरी' हा विशेष गाजला. तो आपल्याच गावचा कोणीतरी असणार. जिवंत असेल तर आता त्याला कळू दे.

सुमिएला भाषण वाचून दाखवलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "बत्तीशीचा भाग जरा कमी करा हो. असेल बिचारा कोणी तरुण पोरगा." बायकांचं मन असंच हळवं. मी तो भाग वाढवला.

१९ ऑक्टोबर
वादळाचा इशारा, त्यामुळे धावण्याचा प्रश्नच नाही. (दुपारी ऊन पडलं. पण इशारा तो इशारा.)

ओरीई घरी आली होती. सुमिएने बार्लीचा चहा दिला. ओरीई तिला म्हणाली, "काकू, तुम्हीपण होतात ना त्या चित्रीकरणात?" सुमिए म्हणाली, "होते की. सगळं गाव होतं." ओरीईने विचारलं, "कुठे होतात नक्की?" सुमिए म्हणाली, "तिथेच, ह्यांच्या आसपास," आणि मासे उलटवायला आत गेली. आमची ओळख त्याच दिवसाची, हे खरं. पण ती गर्दीत कुठे होती ते मला आठवत नाही. मी कामात होतो.

ओरीईला मी सांगितलं, ती धाव आली की चित्र थांबवायचं. मी मंचावर जाऊन काठीने आधी मला दाखवीन, मग बत्तीशीला. तिने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "इवाशितासान, नवी प्रत फार स्वच्छ आहे. मी थोडी पाहिलीय. चेहरे अगदी स्पष्ट दिसतात." मी म्हटलं, म्हणूनच! तिने पुन्हा विचारलं, "नक्की थांबवू?" पोरगी भारावलेली दिसली. मोठ्या माणसाबरोबर काम करताना दडपण येतंच.

२८ ऑक्टोबर
पाटीवर नाव कसं असावं याचा विचार. 'तोकुजी इवाशिता' पुरेसं आहे. खाली लहान अक्षरांत 'संशोधक व लेखक' चालेल. आग्रह नाही.

धावणं: आता थेट तीन तारखेला. शक्ती राखून ठेवतोय.

३ नोव्हेंबर, सकाळ
आज. सूट घालून पाहिला. पोटाशी थोडा घट्ट, पण मंचावर श्वास घ्यायची गरज नसते. सुमिएने कारखान्यातल्या मैत्रिणींना बोलावलंय. सभागृह भरेल म्हणते. मी म्हटलं, बघ, आज कळेल तुला कोणाशी लग्न केलंस ते. ती म्हणाली, "मला माहीत आहे हो. चला, उशीर होईल."

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
भाषण उत्तम झालं. बत्तीशीवर लोक पोट धरून हसले. हे लिहून ठेवतो, कारण टाळ्या मिळाल्या त्या एवढ्याच.

मग चित्रपट. मग बंदराची गल्ली. मग मी मंचावर चढलो आणि काठी वर केली. चित्र थांबलं.

स्वच्छ होतं. जरुरीपेक्षा जास्त स्वच्छ.

अख्खं गाव वर बघतंय. कोळी, त्यांच्या बायका, जुन्या सरपंचांचे वडील, सगळे वर, त्या लाल फडक्याकडे. पुढे ती आकृती. डोक्याला पंचा, पंच्यावर आमची लाट. तोंड उघडं, डोळ्यांत अशी भीती की पाहणाऱ्याने मागे वळून बघावं. आणि कमरेला कारखान्याचा रबरी एप्रन.

एप्रन कुठून आला, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून कारखान्यातली एक म्हातारी ओरडली, "अगं बाई! ही तर आपली सुमिए!"

आणि शेजारी बत्तीशी. साऱ्या गावात तो एकटाच वर बघत नाहीये. तो शेजारच्या मुलीकडे बघतोय, आणि असा हसतोय जसं काही जत्रेला आलाय. दोन्ही कान हातपंख्यासारखे बाहेर.

काठी अजून माझ्या हातात वरच होती. कान सभागृहाकडे. मला वाटतं लोकांनी आळीपाळीने पडद्यावरच्या आणि माझ्या कानांकडे पाहिलं. नातू पहिल्या रांगेत होता. तो मोठ्याने म्हणाला, "आजोबा हसतायत!" मग जे हसणं सुरू झालं ते झोमाराच्या गर्जनेने थांबलं असतं, पण झोमारा थांबवून ठेवलेला. कुवाबारा उठून म्हणाला, "इवाशितासान, दात मात्र उत्तम होते हो तुमचे!" दाताच्या डॉक्टरकडून प्रशस्ती. घ्या.

नंतर लोकांनी सुमिएला उभं केलं. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. ती वाकून वाकून नमस्कार करत होती. तोंड लालबुंद. सांगायला हरकत नाही, सुंदर दिसत होती.

मतदान झालं. झोमारा पहिला. कुवाबारानेही मत दिलं. म्हणाला, ही बाई पळताना बघून प्रथमच मला त्या राक्षसाची भीती वाटली. मी जन्मभर हेच सांगत होतो. तेव्हा कोणी ऐकलं नाही.

४ नोव्हेंबर
सकाळी सुमिएला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, पहिल्या दिवसापासून. अटामीला थिएटरात पहिल्यांदा पाहिला तेव्हाच तिने स्वतःला ओळखलं होतं. मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "सांगणार होते. पण तुम्ही इतक्या आनंदात म्हणालात, तो बघ मी! आपलं लग्न नुकतंच ठरलं होतं. म्हटलं, सांगू नंतर. नंतर तुम्ही लेख लिहिलात."

आणि पंचा? "पंचा तुमचाच. ऊन लागेल म्हणून तुम्हीच माझ्या डोक्याला बांधलात. पंचा तुमचा होता, पळाले मी. आणि जन्मभर ऐकतेय की पळालात तुम्ही."

मी विचारलं, मी हसत का होतो? म्हणाली, ती बांबूच्या फडक्याला खरंच घाबरली होती. बापाच्या बोटीला समुद्राने गिळलं त्याला वर्षही झालं नव्हतं. समुद्रातून काहीतरी वर येतंय म्हटल्यावर तिला नाटक करावं लागलं नाही. "आणि शेजारी बघते तर तुम्ही हसताय. राग आला. मग वाटलं, याच्या शेजारी राहिलं तर भीती नाही वाटणार."

मी चहा घेतला. थंड झाला होता.

दुपारनंतर थोडा सावरलो. नीट विचार केला तर राक्षसापुढे हसणं हे घाबरण्यापेक्षा अवघड आहे. यावर चौथा लेख होऊ शकेल. शिवाय पाटीवर 'सुमिए इवाशिता' येणार. म्हणजे निम्मं नाव माझंच.

९ नोव्हेंबर
ओरीईचा फोन. पाटी तयार आहे. तिने वाचून दाखवली: 'सुमिए कानबे'.

कानबे हे माहेरचं नाव. नगरपालिकेने विचारलं तेव्हा हिनेच सांगितलं म्हणे. मी विचारलं, इवाशितात काय वाईट होतं? ती कारखान्याला निघाली होती, दारात बूट चढवत म्हणाली, "अहो, पळाले तेव्हा मी कुठे तुमची होते?"

रविवारी पाटीचं उद्घाटन. गावाची मुलं ती धाव पुन्हा धावणार आहेत, पुढे सुमिए. ओरीई म्हणाली, इवाशितासान, तुमच्यासाठी एक काम आहे, तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. बांबू धरायचा. मी हो म्हटलं. फडकं किती उंचीवर हवं हे या गावात आता फक्त मलाच माहीत आहे. रविवारी अख्खं गाव माझ्याकडे बघेल.

सुमिए म्हणते, फडक्याकडे.

स्टुडिओवाले टाकून गेलेलं जुनं लाल फडकं माळ्यावर सापडलं. धुऊन वाळत घातलंय.