दारातले चाळीस सेकंद

दि. ४ जून

ती. अक्कास,
शि. सा. न., लांबूनच.

पत्र मिळालं. वेळेवर जेवतेस का, हे पाचदा विचारलंयस. पाचही वेळा हो.

अतिदक्षता विभागात सध्या पाण्याखाली राहिल्यासारखं वाटतं. पायघोळ पोशाख, घट्ट मास्क, चष्मा, हातमोज्यांचे दोन जोड. आवाज लांबून येतात. चष्म्यावर वाफ धरते आणि यंत्रांचे हिरवे दिवे विरघळून तरंगू लागतात. पाठीवर नाव लिहिलेलं असतं, म्हणून कोण कोणती ते कळतं.

काल दुपारी मात्र खाडकन जाग आली. मी पोशाख चढवत होते, तेवढ्यात सहा नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांची श्वासाची नळी सुटली. आतल्या दोघी दुसऱ्या पेशंटला पालथं करत होत्या, त्यांना हात सोडता येईना. मी तशीच धावले, तर मोठ्या सिस्टर दारात आडव्या! मास्क नाकावर दाब, जोरात श्वास सोड, कडेने हवा जातेय का बघ, मगच आत, म्हणाल्या. चाळीस सेकंद गेले. पोचले तेव्हा मास्तर निळे पडले होते. नळी जोडली, पण अजून डोळे उघडले नाहीत. सिस्टरांशी मी बोलत नाही.

तूही याच कामात जन्म घालवलास. तू कसली थांबतेस! धावलीच असतीस ना?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

दि. ९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

धावले होते. तू सात वर्षांची होतीस. तापाची साथ होती आणि मी नवी नर्स. एका बाळंतिणीचा श्वास अडकला, मी मास्क न लावता, उघड्या तोंडाने आत शिरले. ती वाचली. सगळ्यांनी पाठ थोपटली. ती शाबासकी घेऊन घरी आले, सोबत ताप आणला. मी आठ दिवसांत उठले. आई उठली नाही.

तुला आम्ही हृदयविकार सांगितला. बाबा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

मला दारात अडवणारं कुणी नव्हतं गं. मोठ्या सिस्टरांना माझा नमस्कार सांग. रागावलीस तरी पत्र पाठव, कोरं असलं तरी चालेल.

तुझी,
अक्का

दि. १८ जून

ती. अक्कास,
सा. न.

उशीर झाला. खोटं कशाला सांगू, आधी राग आला. मग आठवलं, माझी वेणी घालताना तू मध्येच थांबायचीस. का, ते आता कळलं.

मास्तरांनी परवा डोळे उघडले. सिस्टरांना तुझा नमस्कार पोचवला.

आज दारात मी होते. नवी सिस्टर धावत आली, मी आडवी झाले. ती मला नाही नाही ते बोलली. मी तिचा मास्क नाकावर दाबला, कडेने बोट फिरवलं, मग तिला आत सोडलं. आतला पेशंट गेला, अक्का. बाहेर आल्यावर एकेक गोष्ट तिच्याकडून नीट उतरवून घेतली, मास्क सगळ्यात शेवटी. तिच्या गालांवर वळ उठले होते. घरी आई वाट बघतेय, म्हणाली. मी म्हटलं, आंघोळ कर आणि जा.

रविवारी मला सुट्टी आहे, मी येतेय. तुझ्यावर राग नाही. फक्त आई कशी हसायची ते मला आठवत नाही. तेवढं सांग.

माया असू दे,
धाकटी