कोऱ्या कागदांची सभा

४ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या वसाहतीची सभा घ्यायला मी येते आहे. विषयपत्रिका आधी छापायची नाही. खुर्च्या गोलात मांडायच्या, भिंतीवर कोरे कागद लावायचे. ज्याच्या मनात जो विषय असेल त्याने उठून तो लिहायचा आणि त्याचा गट घेऊन बसायचं. बाकीच्यांनी हव्या त्या गटात जावं. सभा चालवणारीला मात्र विषय मांडता येत नाही. तेव्हा तुमचं वाचनालय टिकवायचं तर तुम्हीच उठा. मामींचा गुडघा कसा आहे?

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
बडबडी

९ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

लहानपणी तुझं तोंड मिटत नव्हतं, आणि आता गप्प बसण्यावर पोट भरतेस. मामी हे ऐकून गुडघा विसरून हसली.

सभेत कोणी मागणी केली नाही, तर वाचनालयाची खोली समिती काढून घेणार, हे खरं. पण ते सांभाळतो मी, आणि त्याची भीक मीच मागायची हे बरं दिसत नाही. रोजचे वाचक आहेत, कोणीतरी उठेलच. पेपरवाले आजोबा तर पेपर वाचायला सकाळी माझ्याआधी दारात हजर असतात.

तुझी वाट बघणारा,
मामा

२० फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सभेहून परतल्यापासून कशात लक्ष नाही. पाणी, जिना, भटकी कुत्री, पार्किंग, सगळं लिहून झालं. आणखी कोणी आहे का, असं मी दोनदा विचारलं, तुमच्याकडेच बघून. तुम्ही चपलांकडे बघत राहिलात. पेपरवाले आजोबा पार्किंगच्या गटात तावातावाने बोलत होते. नियम गेला खड्ड्यात, मीच लिहायला हवं होतं का? रागावला असाल तर तसं कळवा.

तुमचीच,
बडबडी

२ मार्च

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

रागावू कशाला? सभा झकास झाली असं जो तो म्हणतो. पार्किंगवर इतकी वर्षं नुसती भांडणं झाली, यंदा एकमत झालं. स्कूटरना वाचनालयाची खोली द्यायची ठरली. पेपरवाल्या आजोबांनी, भाची हुशार आहे, म्हणून माझं अभिनंदनही केलं. पुस्तकं काल रद्दीवाल्याने नेली. मामी दार लावून आत बसली होती.

मी उठलो असतो, कागद लावला असता, आणि त्या गोलात एकटाच बसून राहिलो असतो, तर ते तुला बघावं लागलं असतं. त्याचीच भीती वाटली, दुसरं काही नाही.

लोभ आहेच. पत्र लिहीत जा, आता वाचायला तेवढंच आहे.

तुझा,
मामा