साक्षीदाराची खुर्ची

३ जून
कारकुनानं भुवई उडवली की खुर्ची आणायची, ही आमच्या कोर्टातली खूण. आज कंत्राटदार साक्षीला यायच्या आतच भुवई उडाली. जज्जसाहेबांच्या चेंबरमधली एकुलती सुटी खुर्ची मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नेऊन ठेवली. गडी ऐसपैस बसला. त्याच्यानंतर भाजीवाली — आठवा महिना! दोन तास उभी. भुवई जागची हलली नाही. मीही हलले नाही. मी पडले शिपाई, कुणी सांगितल्याशिवाय हलायचं नसतं ना!
साहेबांच्या डोक्यावर पाटी आहे, 'कायद्यापुढे सर्व समान'. रोज सकाळी मीच पुसते.

४ जून
चैन नाही. कारकुनाला विचारलंच. आम्ही त्याला नियमबुवा म्हणतो. "अहो बाई, मागेल त्याला खुर्ची. तिनं मागितली का?" कंत्राटदारानं तरी कुठे मागितली होती!

६ जून
खुर्ची जुन्या फायलींच्या खोलीत लपवली. कुलूप घातलं.

७ जून
आज एक निवृत्त अधिकारी साक्षीला. भुवई उडत राहिली, मी भिंतीकडे बघत राहिले. त्याचे पाय लटपटले तेव्हा बरं वाटलं. घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

१२ जून
नियमबुवांचा कागद — खुर्ची हरवल्याचा लेखी खुलासा द्या, नाहीतर नोकरी कायम होणं कठीण. आणि घरी आईला समन्स! मालक घर खाली करा म्हणतो त्या दाव्यात तिची साक्ष, अठराला, आमच्याच कोर्टात. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झालाय. आई निर्धास्त. "तू आहेस ना तिथं, मग मला कसली काळजी!"

१५ जून
नियमबुवांना म्हटलं, सगळ्यांसाठीच ठेवू या की. "म्हणजे उद्या पाकीटमारही बसेल!"
किल्ली दहादा हातात घेतली, दहादा ठेवली. फक्त आईसाठी खुर्ची काढली, तर त्याच्या भुवईत आणि माझ्यात फरक काय?

१८ जून
आई उभी. पाऊण तास झाला. कठडा धरून धरून बोटं पांढरी पडली. साहेब म्हणाले, "आजींना खुर्ची द्या." नियमबुवा म्हणाले, "हरवली, साहेब."
माझ्याच्यानं राहवेना. "हरवली नाही. मी लपवली. द्यायची तर सगळ्यांना द्या, साहेब, नाहीतर कुणालाच नको."
मी किल्ली काढली, तेवढ्यात पिंजऱ्यातून आई — "राहू दे. मी उभीच बोलते."
दोन तास बोलली. घरी गुडघा शेकताना म्हणाली, "मला आधी सांगायचंस गं."

१९ जून
पिंजरा पुसायला गेले, तर आत खुर्ची! कठड्याला साखळीनं बांधलेली. साहेबांचा लेखी हुकूम — साक्षीदार कुणीही असो, बसूनच बोलेल. पहिली साक्ष पाकीटमाराची. बसला.
आईची साक्ष कालच संपली.