कंडेन्सरात राहिलेली वीज

प्रिय अपेक्षा,

चौथीपर्यंत शिकली मी, त्यातलं एक वर्ष मास्तरच्या म्हशी चारण्यात गेलं, तेव्हा चुका काढत बसू नको. फोनवर तू "बरी आहे" म्हणून ठेवून देते, म्हणून लिहून राहिली.

तुझ्या बापाचं रिपेरिंगचं दुकान बंदच आहे. समोरचा श्यामराव भाड्यानं मागत होता, मोबाईलचे कव्हर विकायले. म्हटलं, आधी आपल्या टकलावर एक घाल. टेबलावर दुरुस्तीले आलेला तो सप्लाय, वीज पुरवायचा डबा, तसाच उघडा पडला आहे, माझा पोरगा निकेश गेला त्या दुपारचा. तुझी आई त्याच्या भोवतून झाडत होती, त्याले हात लावत नव्हती. लाईन जाऊन परत आली की आत खुर्ची सरकते. भूतबीत मी मानत नाही. पण दोन वर्षं झाली, सरकते.

त्यानं तुले ती पीएफसीची चिप बसवायले शिकवलं, तेव्हा मी तिथंच लसूण सोलत होती. ऐकून ऐकून पाठ झालं. सप्लाय लाईनीतून वीज ओरबाडते, चिप त्याले तालात घास घास घ्यायले लावते, आणि मोठ्या कंडेन्सरात चारशेच्या जवळ व्होल्ट भरून ठेवते. म्हटलं, मंग तुझ्या पोरीलेही एक बसव, बोकाणे भरते नुसती. तो हसला, तू फुगली.

प्लग काढला तरी कंडेन्सरात वीज राहते. म्हणून हात घालायच्या आधी टेबलावरच्या पिवळ्या बल्बाच्या दोन वायरी त्याले लावायच्या. बल्ब चमकून विझला, म्हणजे वीज गेली. निकेश हे कधी चुकला नाही. त्या दिवशीही चुकला नाही.

त्या सप्लायची चिप आदल्या दिवशी तू बदलली होती. म्हणून तू म्हणते, माझीच चुकीची बसली, माझ्यानं बाबा गेले. डिप्लोमा सोडला, नागपुरात कपड्याच्या दुकानात घड्या घालते, दिवाळीलेही आईसमोर येत नाही. मी हे सारं पाहून गप्प राहिली. पोरी, तुझी चिप बरोबर होती. बरोबर होती म्हणूनच कंडेन्सर पुरा भरला होता.

आता ऐक. त्या सकाळी चुलीवरचा बल्ब उडाला. तुमचे पांढरे दिवे मले खपत नाहीत, म्हणून टेबलावरच्या होल्डरातला चांगला बल्ब मी काढून नेला. रिकामा होल्डर पाहून निकेश बोंबलेल, म्हणून उडालेला बल्ब त्यात फिरवून ठेवला. त्यानं वायरी लावल्या. बल्ब चमकला नाही. त्याले वाटलं, वीज गेली, अन् त्यानं आत हात घातला. लोकं धावले, तेव्हा मी आधी तो बल्ब काढून चुलीच्या राखेत पुरला, अन् मंग पोराजवळ बसली.

काल तुझ्या आईले सांगितलं. दीपमालानं मले ताट वाढलं, पाणी ठेवलं, अन् एकोडीले माहेरी निघून गेली. तू तिच्याजवळ जा. तिच्यापासून तोंड लपवायचं काम माझं होतं, दोन वर्षं ते तुझ्याकडून करवून घेतलं.

म्हणशील तर तुझीच,
आजी चंद्रभागा
शहापूर