अर्ध्या काटकोनातला दगड

अणदूर, आश्विन शुद्ध सप्तमी, शके १८८१

तीर्थरूप मामा, दुरूनच आपल्या पायांवर डोकं ठेवतो. इकडं माझी प्रकृती बरी. या ओल्या हवेत आपला दमा बळावला नसेल, अशी आशा आहे. (एरंडाच्या पानांचा शेक सोडू नये.) आपली कन्या उमा अचानक माहेरी का आली, हे तिनं सांगितलं असेलच. त्यातली शास्त्रीय बाजू राहिली असेल, ती कळवतो.

हस्ताच्या पावसानं ओढ्याला एकाएकी पाणी आलं, तेव्हा उमा मधल्या उंचवट्यावर उडदाच्या शेंगा तोडत होती. दोन्हीकडून पाणी, आणि उंचवटा बघता बघता लहान होत चाललेला. शेजारचा धोंडीबा मोटेचा नाडा घेऊन धावला. नाडा जड, म्हणून सुतळीला दगड बांधून तिच्याकडं फेकायचा आणि त्या सुतळीनं तिनं नाडा ओढून घ्यायचा, असं ठरलं. पहिला दगड धोंडीबानं आडवा सोडला, तो अर्ध्या वाटेत बुडाला. दुसरा उंच सोडला, तो आमच्याच डोक्यावर यायचा राहिला. (शाळेत विज्ञान मीच शिकवतो, हे आपण जाणताच.) मी त्याला समजावलं, की आडव्या फेकीला हवेत राहायला वेळ मिळत नाही आणि उभ्या फेकीचा जोर वर जाण्यातच सरतो, दोन्हींचा मेळ अर्ध्या काटकोनात बसतो, दगड सगळ्यांत लांब तेव्हाच जातो. कागदाचा कोपरा दुमडून तो कोन त्याच्यापुढं धरला. तो एवढंच म्हणाला, "मास्तर, बाईंच्या गुडघ्याला पानी लागलंय."

तिसरा दगड धोंडीबानं सोडला, तो तिच्या डोक्यावरून पलीकडं पडावा आणि सुतळी हाती यावी, असा हिशेब होता. पण उमा मागं सरली (अविश्वास, दुसरं काय?) आणि दगड तिच्या खांद्यावर बसला. तरी तिनं सुतळी सोडली नाही. नाडा ओढून उंचवट्यावरच्या बाभळीला बांधला आणि तो धरून कमरेएवढ्या पाण्यातून ती एकटी आली. कोन बरोबर होता, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "दगड पोचला. तुम्ही कधी पोचणार होतात?" दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं ती आपल्याकडं वाशीला निघाली.

आपला जावई,
महारुद्र

ता. क. : खांद्याला आंबेहळद लावावी. दसऱ्याआधी तिला न्यायला येतो. मला ओसरीवरूनच परत धाडू नये.

आणखी एक : मला पोहता येत नाही, हे तिला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते असं, की दगड सुटला तेव्हा माझे डोळे घट्ट मिटलेले होते. धोंडीबानं कोणता कोन साधला, देव जाणे. एवढंच तिला वाचून दाखवावं. बाकीचं पत्र आपल्यापुरतं.