एका श्वासातली ओळ

जुळे सोलापूर,
१७ डिसेंबर २०२०

ती. सारजाआक्कास,
धाकट्या जोतीरामचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

फोनवर तुला आता ऐकू येत नाही आणि थोरल्या बहिणीवर ओरडायची माझी हिंमत नाही, म्हणून कागद. घाबरू नकोस, शेवटपर्यंत वाच. नीलम्माला कोरोना निघालाय. माझा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी घरीच वेगळं ठेवायला सांगितलं, म्हणून ती मागच्या खोलीत नि मी दाराबाहेर. ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि मागं सरकायचं, असा संसार चाललाय. ती बोटाला मशीन लावते आणि आतून ऑक्सिजनचा आकडा ओरडून सांगते. चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर थेट दवाखाना, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण बाईसाहेब सत्त्याण्णव सोडायला तयार नाहीत.

तिला सगळी काळजी नाताळची. दरवर्षी कॅरलच्या मंडळीत पुढं उभं राहून गाणारी बाई. यंदा मोजकीच माणसं निघणार, तीही आधी आपल्या अंगणात येणार, हे तिनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. करंज्या मी तळतोय. मोटारी रिवाइंड करून दुकान उभं केलं, पण करंजीची कड काही मला मिटवता येईना. सारण तेलात पोहतंय. वास तिला येत नाही, तरी तेलाच्या आवाजावरून ओळखते आणि आतून कानडीत माझा उद्धार करते.

लोभ तुझा माझ्यावर पहिल्यापासून जरा जास्तच आहे. तो कमी करू नकोस.

तुझा,
जोतीराम


करमाळा,
२० डिसेंबर २०२०

चि. जोतीराम यास,
सारजाबाईचा आशीर्वाद, नीलम्मालाबी.

पत्र पोचलं. तू लई हुशार. मोटारीला पेचकस टेकवून मूठ कानाला लावतोस आन् कुटली बेरिंग गेली ते सांगतोस. पण बायको आतनं आकडा सांगती आन् तू बाहेर मान डोलवतोस व्हय? मशीन डोळ्यानं बघितलंस का? आमच्या उत्कर्षाच्या लग्नात हिनं अंगात ताप घेऊन पोळ्या लाटल्या, कुणाला कळू दिलं न्हाय. सणासुदीला ही बाई आजारी पडत न्हाय, नुसती तोंड मिटून घेती.

माझे कान गेले, पण तिची ती नाताळच्या गाण्यातली, शेवटच्या कडव्यातली लांब ओळ अजून डोक्यात हाय. सगळ्या मंडळीचा दम तुटायचा, ही एका श्वासात पार न्यायची. तिला इचारू नको. गायला लाव की, आन् ऐक.

रागावू नकोस. रागावलास तरी आक्का एकच हाय, तिच्यावरची माया सांभाळून ठेव.

सारजाबाई


सोलापूर, दवाखान्याच्या फाटकाजवळून,
२४ डिसेंबर २०२०

ती. आक्कास,
जोतीरामचा सलाम. वि. वि.

काल संध्याकाळी तुझं पत्र आलं. आधी राग आला. मग दाराशी जाऊन बसलो आणि म्हटलं, उद्या मंडळी येणार, सूर धरून बघ. घसा बसलाय म्हणून तिनं टाळलं. तेव्हा मीच बेसूर सुरू केलं. ते तिला कधी सोसलं नाही. तिनं गाणं माझ्याकडून ओढून घेतलं. लांब ओळ आली. दोन शब्दांवर श्वास. पुन्हा दोन शब्द, पुन्हा श्वास. मधे कोरड्या बेअरिंगसारखी बारीक शिट्टी. ओळ पुरी व्हायच्या आत मी दार ढकललं.

मशीनवर शहाऐंशी होते, आक्का. ओठ निळे. तिनं हात जोडले. दवाखान्यात नेऊ नका, तिथं माणूस नाताळातसुद्धा एकटं मरतं, म्हणाली. गल्लीतल्या अतीकनं न विचारता रिक्षा काढली. दोन ठिकाणी खाट नव्हती, इथं मिळाली.

आज तिला नाकातोंडावर मास्क लावलाय. एवढ्यानं भागलं तर ठीक, नाहीतर घशात नळी. आजची रात्र बघायची, डॉक्टर म्हणाले. मला आत सोडत नाहीत. तिची नाताळची नवी साडी पिशवीत घेऊन बसलोय; ती का आणली, मलाच माहीत नाही. काचेपलीकडचं काही ऐकू येत नाही. तुझे दिवस कसे जात असतील, ते आज समजलं.

प्रार्थना कर.

जोतीराम


करमाळा,
२७ डिसेंबर २०२०

जोतीराम,

तुझं चोवीसचं पत्र मिळालं, तुझी ती रात्र मला आज लागली. शेजारच्या धुळाला तुझा फोन लावायला लावला, बंद हाय म्हणतो. नाताळची चांदणी दारावर लावली होती, काढू का ठेवू कळंना. ती हाय का? एवढंच लिही.

आक्का


जुळे सोलापूर,
२ जानेवारी २०२१

ती. आक्कास,
जोतीरामचा सलाम.

आहे. चांदणी काढू नकोस.

फोन मी तिच्यासाठी आत पाठवला आणि चार्जर माझ्याच खिशात राहिला. असला हुशार तुझा भाऊ! नळी लागली नाही. नाताळच्या सकाळी वॉर्डातल्या मावशी फाटकावर आल्या नि म्हणाल्या, तुमची बाई खायला मागतीय.  मग घरी पळालो आणि डब्यातली त्यातल्या त्यात बरी करंजी आत पाठवली. काल तिला आणलं. खाली दोन ओळी तिच्या हातच्या आहेत.

*

ती. वन्संना नीलम्माचा प्रभूमध्ये सलाम.

असला नाताळ कुणाला न येवो. ना चर्च, ना मंडळी, ना साडी. पातळ खिचडी आणि यांची फुटकी करंजी. शेजारच्या खाटेवरच्या हुसेनबीनं अर्धी मागून घेतली. सारण कुठंय, विचारत होती. आम्ही दोघी मास्कमध्ये हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची खाट रिकामी होती. वन्सं, तुमचं पत्र दोन दिवस उशिरा आलं असतं तर माझी तशीच असती.

आज अंगणात बसून यांच्यासमोर ती ओळ म्हटली. मधे हळूच एक श्वास चोरला. हे म्हणाले, एका श्वासात गेली की! मी चोरला म्हटलं, तर म्हणतात, आता माझेही कान आक्कासारखे झाले.

माया आहेच. आता दम असेपर्यंत लिहीत जाईन.

तुमची,
नीलम्मा